पहाटे चारचा गजर लावण्याआधी

पत्राचा सारांश: डोंबिवलीच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. वय ४४, नोकरी फोर्टमधल्या एका खासगी कार्यालयात. घरी नवरा, दहावीतला मुलगा आणि मधुमेह असलेल्या ७४ वर्षांच्या सासूबाई. ताई पहाटे पावणेपाचला उठतात. तीन डबे आणि सासूबाईंचं दुपारचं जेवण करून साडेसातला घर सोडतात. रिक्षाच्या रांगेला कंटाळून स्टेशनपर्यंत पंधरा मिनिटं चालत जातात. सीएसएमटीहून ऑफिसपर्यंत पुन्हा दहा मिनिटं चालणं, संध्याकाळी तेच उलट, आणि घरी पोहोचायला साडेसात. अंथरुणाला पाठ टेकते अकरानंतर, झोप लागते सव्वाबाराला. मधला वेळ मोबाइलवर जातो. गेल्या तीन वर्षांत पहाटेचं फिरणं, ऑनलाइन योगवर्ग, तांब्याच्या भांड्यातलं पाणी, लिंबू-मध, '२१ दिवसांचं आव्हान', सवयींची डायरी असं सगळं सुरू करून झालं. दोन आठवड्यांच्या पुढे काही गेलं नाही. नवरा चेष्टेनं 'नव्याचे नऊ दिवस' म्हणतो. दुपारी तीनला डोळे मिटतात, जिना चढताना दम लागतो, रात्री मुलावर ओरडणं होतं आणि मागाहून रडू येतं. आता एका ग्रुपवर वाचून त्यांनी ठरवलंय की पहाटे चारला उठून दहा हजार पावलं चालायचीच. त्यासाठी साडेतीन हजारांचं घड्याळ घ्यायचा विचार आहे. त्या विचारतात, चारला उठायची सवय कशी लावू? माझ्यात इच्छाशक्तीच नाही का?

उत्तर:

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर लगेच देऊन टाकते. चारला उठू नका.

तुमच्याच पत्रातला हिशेब बघा. सव्वाबाराला झोप, पावणेपाचला गजर, म्हणजे साडेचार तास. त्यातले पाऊण तास आणखी काढले की उरले पावणेचार. झोपेचा अभ्यास करणाऱ्या अमेरिकेतल्या दोन मोठ्या वैद्यकीय संस्थांनी २०१५ मध्ये एकत्र बसून प्रौढ माणसाला रोज किमान सात तास झोप हवी असं सांगितलं. तुम्ही आजच त्यापेक्षा अडीच तास मागे आहात. दुपारी तीनला मिटणारे डोळे, मुलावर निघणारा राग, रात्रीचं रडू, यातल्या बऱ्याचशा गोष्टींचं मूळ इथे असू शकतं. आणि त्यावर तुम्ही शोधलेला उपाय काय, तर आणखी कमी झोपायचं. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी म्हणतात तो हाच प्रकार.

पहाटे उठण्याबद्दल माझं काही वाकडं नाही. पण ब्राह्ममुहूर्ताची महती ज्यांनी सांगितली, त्यांच्या घरी दिवेलागणीनंतर तासा-दोन तासांत सगळे झोपत. साडेसातला लोकलमधून उतरून कोणी कुकर लावत नव्हतं. लवकर निजे हा त्या उपदेशाचा पहिला अर्धा भाग आहे, आणि ग्रुपवर फिरणाऱ्या संदेशांत तो नेमका गळतो. असे संदेश पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना रात्रीचं ताट कोणीतरी वाढून देतं आणि किती जण जेवून उठल्यावर स्वतः ओटा पुसतात, हे एकदा मनातल्या मनात मोजून बघा. मला तरी हा प्रश्न प्रत्येक 'सुप्रभात'ला पडतो.

आता इच्छाशक्तीचं. तीन वर्षं रोज पावणेपाचला उठून तीन डबे भरणाऱ्या बाईला इच्छाशक्ती नाही, हे मला पटत नाही. ते डबे सुटले नाहीत, फिरणं सुटलं. दोन्ही तुम्हीच करत होतात. मग फरक माणसात नाही, कामाच्या जागेत आहे. डबे न भरले तर तिघं उपाशी राहतात. फिरायला न गेलं तर कोणाचंच काही अडत नाही, तुमच्याखेरीज.

प्रत्येक उपक्रम कशाने मोडला तेही तुम्ही लिहिलंय, ते मला फार उपयोगी पडलं. योगवर्ग सहाचा, तेव्हा तुमच्या एका हातात लाटणं. डायरी भरायची वेळ रात्री साडेअकराची, पेंगुळल्या डोळ्यांनी. फिरणं मुलाच्या क्लासची वेळ बदलली तेव्हा बंद पडलं. आणि तांब्याच्या भांड्यातलं ते पाणी! सकाळी दोन तांबे पाणी पिऊन सव्वा तासाच्या लोकलमध्ये उभं राहायचं, लोकलला स्वच्छतागृह नाही, स्टेशनवरच्याची अवस्था अशी की नाक धरूनही जाववत नाही. तुम्ही आठव्या दिवशी ते पाणी बंद केलंत तो शहाणपणा होता. अपयश म्हणून तो तुम्ही स्वतःच्या खात्यावर का लिहिलात?

गच्च भरलेल्या फास्ट लोकलच्या लेडीज डब्यात ठाण्याला आणखी चौघी चढल्या तर त्या दारात लटकतात आणि पहिल्या हिसक्याला धोका त्यांनाच. तुमच्या दिवसात प्रत्येक नवी सवय तशी लटकत होती. आतून कोणी उतरल्याशिवाय नवीला उभं राहायला जागा नाही. म्हणून 'काय सुरू करू' हा प्रश्न थोडा बाजूला ठेवू आणि 'काय उतरवू' ते आधी बघू.

सगळ्यात आधी हात जाईल तो मोबाइलकडे, कारण अकरा ते सव्वाबारा हा वेळ तुम्हीच 'वाया घालवते' म्हणून लिहिलाय. इथे मी जरा थांबेन. पावणेपाच ते अकरा या सव्वाअठरा तासांत तुमचा स्वतःचा असा वेळ कुठे आहे? पत्र दोनदा वाचलं, मला सापडला नाही. रात्री अकराला पहिल्यांदा असं होतं की कोणी हाक मारत नाही. तेव्हा तुम्ही जागं राहता ते व्यसनापोटी असं मला वाटत नाही. दिवसभरात जे मिळालं नाही ते झोपेतून कापून घेता. बहुतेक नोकरदार आयांची हीच कथा आहे, आणि बऱ्याच वडिलांचीही. त्यामुळे 'मोबाइल बंद करा' एवढं सांगून मी मोकळी झाले तर तुम्ही चार दिवस पाळाल आणि पाचव्या दिवशी दुप्पट वेळ बघाल. तो वेळ हलवावा लागेल, नुसता काढून टाकता येणार नाही.

कुठे हलवायचा? संध्याकाळी साडेसातला घरात शिरल्यावर तुम्ही पर्स ठेवून थेट ओट्याशी उभ्या राहता. त्याऐवजी वीस मिनिटं बसा. दार लावून, किंवा गॅलरीत, किंवा सासूबाईंशेजारी त्यांची मालिका बघत. मोबाइल बघायचा तर तेव्हा बघा, अगदी निर्लज्जपणे बघा. जेवण सव्वानऊऐवजी साडेनऊला झालं तर कोणी आजारी पडणार नाही. सासूबाईंच्या मधुमेहाच्या गोळ्यांची किंवा इन्सुलिनची वेळ मात्र जेवणाशी बांधलेली असते, त्यामुळे त्यांचं ताट नेहमीच्याच वेळी वाढा. गरज पडली तर सकाळची भाजी थोडी बाजूला काढून ठेवा. बाकीचे थांबू शकतात. लोकलमध्ये परतताना बसायला मिळालं तर तोही तुमचाच वेळ. तिथे डोळे मिटलेत तरी उत्तम.

रात्री मोबाइल चार्जिंगला स्वयंपाकघरात लावा आणि उशाशी दीड-दोनशे रुपयांचं गजराचं साधं घड्याळ ठेवा. पडद्याचा प्रकाश झोप उडवतो हे खरंच आहे, पण माझ्या मते मोठी अडचण वेगळी आहे: वर्तमानपत्र संपतं, मालिकेचा भाग संपतो, हे रील संपतच नाही. संपत नसलेली गोष्ट थकलेल्या माणसाच्या हातात देऊ नये.

आता ओटा.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात दिसलं की देशात घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८ मिनिटं. तुमच्या घराचा आकडा काय येईल? चेष्टा करणाऱ्याला उत्तर म्हणून विचारत नाही. एक आठवडाभर कोणालाही न सांगता कागदावर लिहा: डबे, स्वयंपाक, झाकपाक, कपडे, सासूबाईंची औषधं, मुलाच्या फायली. समोर किती मिनिटं, एवढंच. सवयींची डायरी तुम्ही तीनदा विकत घेतलीत. ही त्याहून कामाची आहे, आणि सात दिवसांत संपते.

त्या कागदावरून घरात कामं वाटायची आहेत. इथे बायका एक गोष्ट हटकून करतात, 'जरा मदत करा ना' म्हणतात. मदत म्हटलं की काम तुमचंच राहतं, लक्षात ठेवणंही तुमचं, आणि वर आभारही तुम्हीच मानायचे. त्यापेक्षा एक अख्खं काम सोपवा. रात्रीची झाकपाक यजमानांची: उरलेलं काढून ठेवणं, भांडी विसळून ठेवणं, ओटा पुसणं, दुधाला विरजण. डबे आणि बाटल्या मुलाच्या: घरी आल्यावर बाहेर काढणं, सकाळी भरून पिशवीत ठेवणं. दहावीचा मुलगा आहे, अभ्यास आहे, मान्य. बाटली भरायला पाच मिनिटं लागतात आणि त्यात बीजगणित विसरत नाही. सासूबाईंना जमत असेल आणि आवडत असेल तर संध्याकाळी मालिका बघता बघता भाजी निवडणं त्यांच्याकडे. पुष्कळदा म्हाताऱ्या माणसांना काम नको नसतं, त्यांना विचारलेलं नसतं.

मग ओटा तुमच्यासारखा लख्ख होणार नाही. कोपऱ्यात पाणी राहील, फडकं तसंच ओलं पडेल. तिकडे बघू नका. तुम्ही मागून जाऊन एकदा पुसलात की ते काम त्या क्षणी तुमच्याकडे परत आलं म्हणून समजा.

तरीही भागलं नाही तर पोळ्या विकत घ्या. डोंबिवलीत पोळी-भाजी केंद्र नाही अशी गल्ली शोधून सापडायची नाही. सगळ्या नकोत, फक्त रात्रीच्या. तुम्ही लिहिलंय की 'घरच्या पोळ्या' हा तुमच्या घरात जिव्हाळ्याचा विषय आहे. असू दे. सकाळच्या तीन डब्यांत घरच्याच आहेत की. ते साडेतीन हजारांचं घड्याळ नका घेऊ, तेवढ्यात रात्रीच्या पोळ्यांचा बराच खर्च निघेल. सकाळचं थोडं काम रात्री सरकवता आलं, म्हणजे भाजी चिरून डब्यात, कोरडी तयारी ताटलीत, तर पावणेपाचचा गजर सव्वापाचवर नेता येतो. कणीक रात्री मळून फ्रिजमध्ये ठेवायला सासूबाईंची हरकत असेल तर तो वाद घालू नका. सगळेच किल्ले एकदम घ्यायचे नसतात.

बेरीज करू. मोबाइलमधून पाऊण तास, झाकपाकीतून अर्धा, सकाळचा अर्धा. साडेचार तासांचे झाले सव्वासहा. सात नाहीत. खोटं कशाला सांगू, दहावीचं वर्ष आणि डोंबिवली-फोर्ट प्रवास असताना सात तास तुम्हाला रोज मिळतील असं मला दिसत नाही. पण साडेचार आणि सव्वासहा यांत काय अंतर आहे ते दोन-तीन आठवड्यांत तुम्हालाच कळेल. एकदम सव्वादहाला आडवं पडून मात्र उपयोग नाही, छताकडे बघत बसाल. दर चार-पाच दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे या. रविवारी तासभर जास्त झोपा. पण अकरापर्यंत लोळलात तर रविवारी रात्री झोप येणार नाही आणि सोमवार पहिल्यापेक्षा वाईट जाईल.

चहाचंही बघा. दिवसाचा चौथा चहा तुम्ही पावणेआठला, घरी आल्यावर घेता. चहातलं कॅफिन शरीरातून निम्मं व्हायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पाऊण वाजता निम्मं अजून अंगात आहे. सगळ्यांना सारखाच त्रास होत नाही, काही जण रात्री दहाला कटिंग पिऊन घोरतात. तुम्ही त्यातल्या आहात का ते पंधरा दिवस पावणेआठचा कप सोडून बघा. ऑफिसातला चारचा ठेवा. चहावरच अन्याय करायची माझी इच्छा नाही.

राहता राहिली दहा हजार पावलं. हा आकडा कुठल्या डॉक्टरांच्या तपासणीतून आला असं आपल्याला वाटतं. तो आला जपानच्या बाजारातून. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर तिथे व्यायामाची हवा होती. पुढच्याच वर्षी पावलं मोजणारं एक यंत्र विक्रीला आलं आणि त्याच्या नावातच दहा हजार होते. आकडा गोल, लक्षात राहणारा, टिकून राहिला. २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पावलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला; त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला सुमारे ४,४०० पावलं चालणाऱ्यांमध्येसुद्धा मृत्यूचं प्रमाण अगदी कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी होतं, आणि साडेसात हजारांच्या आसपास फायदा वाढायचा थांबत होता. तुम्ही ७२ च्या नाही, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा तुम्हाला लागू करणार नाही. पण नऊ हजार झाले म्हणजे दिवस फुकट, हे डोक्यातून काढा.

शिवाय तुम्ही चालताच आहात! घर ते स्टेशन पंधरा, सीएसएमटी ते ऑफिस दहा, येताना तेवढंच. रोज पन्नास मिनिटं, आठवड्याचे पाच दिवस, झाले २५० मिनिटं. जागतिक आरोग्य संघटनेनं प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, आणि तो एका वेळी निदान दहा मिनिटं सलग हवा ही जुनी अट २०२० च्या मार्गदर्शनात काढून टाकली. अट एकच, चाल जरा झपाझप हवी, बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये इतपत. लोकल चुकू नये म्हणून तुम्ही सकाळी तशाच चालत असणार. तुम्ही हे चालणं मोजलंच नाहीत, कारण अंगात साडी किंवा कुर्ता आहे, खांद्यावर डब्याची पिशवी आहे आणि पायात बूट नाहीत. बूट घाला. चप्पल ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये ठेवा. तुमच्यासाठी पैसे खर्च करण्याजोगी एक वस्तू सांगायची तर ती ही.

तुमच्याकडे जे नाही ते वेगळंच आहे: स्नायूंना ताकद येईल असा व्यायाम. आरोग्य संघटना तो आठवड्यातून दोन दिवस तरी सांगते, आणि चाळिशीनंतर बायकांना त्याची गरज जास्त. जिममध्ये जायला नको. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठायचं-बसायचं, भिंतीला हात टेकून दहा वेळा पुढे-मागे. कुकरच्या शिट्ट्या होईतो दोन्ही होतं. शनिवार-रविवारी करा. पण हे आत्ता नाही, झोप रुळावर आल्यावर. आधी जिना चढताना लागणाऱ्या दमाचं कारण कळू दे, त्याबद्दल पुढे बोलते.

आणि पाणी ऑफिसला पोहोचल्यावर प्या. तिथे स्वच्छतागृह बरं आहे असं तुम्ही लिहिलंय, तर दिवसभराचं पाणी तिथेच, टेबलावर बाटली ठेवून. प्रवासाच्या भीतीनं पाणी तोडायचं आणि लघवीचं दुखणं अंगावर घ्यायचं, हे मुंबईत कामाला जाणाऱ्या कितीतरी जणी करतात. भांडं तांब्याचं असो की स्टीलचं. लिंबू-मध आवडत असेल तर घ्या, त्यानं चरबी वितळत नाही.

एकवीस दिवसांचंही ओझं उतरवते. मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकी प्लास्टिक सर्जननं १९६० मध्ये लिहून ठेवलं की शस्त्रक्रियेनंतरच्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान २१ दिवस लागतात. त्यातलं 'निदान' गळलं आणि चेहराही गळला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये ९६ जणांवर प्रयोग झाला, तेव्हा नवी गोष्ट अंगवळणी पडायला लागलेल्या दिवसांचा मध्य ६६ निघाला. अंदाज मात्र १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत पसरलेले. पेलाभर पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर बसली, व्यायामाला जास्त वेळ लागला. आणि तुमच्या कामाची गोष्ट अशी की एखादा दिवस चुकल्यानं फारसं काही बिघडलं नाही. तुम्ही मात्र नवव्या दिवशी चुकलात की दहाव्या दिवशी पूर्णविराम देता. संकष्टीचा उपास चुकून मोडला तर आपण पुढच्या महिन्यात करतोच ना?

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मी मुद्दाम मागे ठेवलं, कारण पहिल्याच ओळीत लिहिलं असतं तर तुम्ही 'हो, बघू' म्हणून पुढे गेला असता. जिना चढताना लागणारा दम हा सवयीचा विषय नाही. डॉक्टरांकडे जा, याच महिन्यात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२ आणि साखर या तपासण्यांबद्दल त्यांना विचारा. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्क्यांच्या अंगात रक्त कमी होतं. अर्ध्याहून जास्त! हिमोग्लोबिन नऊवर असेल तर कुठल्याही गजरानं तुम्हाला उत्साह येणार नाही, आणि वर्षानुवर्षं बाई स्वतःला आळशी समजत राहते. तुमच्या वयात पाळी अनियमित होणं, जास्त रक्तस्राव, रात्री घाम येऊन जाग येणं हेही सुरू होऊ शकतं. असेल तर तेही न लाजता सांगा. घोरता का, हे यजमानांना विचारा आणि डॉक्टरांना सांगा. लोहाच्या गोळ्या मिळाल्या तर जेवणावर लगेच चहा नको, लोह कमी शोषलं जातं. आणि छातीत दुखतंय, दम एकाएकी वाढलाय असं काही झालं तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

रडू येण्याबद्दल तुम्ही एकच ओळ लिहिलीत. झोप सुधारून दोन-तीन आठवड्यांनी ते ओसरलं तर ठीक. नाही ओसरलं, कशातच मन लागेनासं झालं, तर तेही डॉक्टरांना सांगा. सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर कधीही बोलता येतं, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलतात.

असं पत्र लिहिणाऱ्या तुम्ही एकट्या नाही, म्हणून बाकीच्यांसाठी दोन शब्द. घरून काम करणाऱ्यांचं नेमकं उलटं असतं: त्यांना झोपेपेक्षा चालणं कमी पडतं, कारण स्टेशनच नाही. त्यांनी कामाच्या आधी आणि नंतर घराबाहेर एक चक्कर मारावी, ऑफिसला जाऊन आल्यासारखी. पाळीनं काम करणाऱ्या परिचारिका, पोलीस, सुरक्षारक्षक यांनी 'लवकर निजे'वाले संदेश सरळ पुसून टाकावेत. दिवसा खोली अंधारी करून सलग झोप मिळवणं आणि घरच्यांनी त्या वेळात बेल वाजू न देणं, हाच त्यांचा ब्राह्ममुहूर्त. आणि हे वाचणाऱ्या नवरेमंडळींनी बायकोच्या फसलेल्या उपक्रमांवर बोलण्याआधी, त्या नऊ दिवसांत सकाळचा कुकर कोणी लावला होता ते आठवून बघावं.

ताई, यजमानांशी बोलायचंय. भांडणात नको, रात्री अकराला नको. आठवडाभराचा कागद समोर ठेवून बोला. पत्रावरून माणूस चेष्टेखोर वाटतो, वाईट वाटत नाही. त्यांना हा हिशेब बहुधा माहीतच नाही. ते म्हणतील, 'दहावी होऊ दे, मग बघू.' मुलाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये. मग निकालाची धाकधूक, मग अकरावीचे प्रवेश, तोवर पाऊस, मग गणपती, मग दिवाळी. तेव्हा परीक्षेच्या आधीच, येत्या रविवारी, जेवणं झाल्यावर बोला. ओटा आवरण्याच्या आधी.